पान आमचे, वसुली कुणाच्या हातात?



तेंदूचे एक पुडके म्हणजे ७० पाने. १००० पुडक्यांची एक गोणी, म्हणजे ७० हजार पाने. पहाटेच्या अंधारात घर सोडायचे, अस्वलाची धास्ती घेऊन रानात शिरायचे, ऊन चढायच्या आत पाने आणायची, दुपारभर अख्ख्या घराने बसून पुडकी बांधायची आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायची. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कोरडवाहू धानवाल्याच्या घरात पावसाळ्याच्या तोंडावर रोख पैसा येतो तो या थोड्या दिवसांतून. तो वेळेवर आला तर बी-बियाण्यासाठी सावकाराचे दार टळते. अडकला, तर तेच दार. आज बोलायचे आहे ते या अडकण्याबद्दल.

कायद्याने आम्हाला आधी लुटले, हे विसरू नका. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवले. गवताच्या जातीला झाड म्हणण्याचा हा चमत्कार कास्तकाराच्या बांधावरच्या बांबूलाही नोव्हेंबर २०१७ पर्यंत लागू होता! १९६९ च्या कायद्याने राज्य सरकार तेंदूपानाचे एकमेव खरेदीदार झाले. कापसाची एकाधिकार खरेदी ज्यांनी भोगली, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मग उलट्या दिशेचा कायदा आला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि तेंदू यांची नावे घेऊन गौण वनोपजाची मालकी गावाला दिली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू बाहेर नेण्याचा परवाना वनखात्याच्याच टेबलावर राहिला. मालकाला स्वतःचा माल हलवता येईना. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. एका गावाच्या बांबूसाठी दिल्ली आणि मुंबई दोन्ही हलवावी लागली. सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्त नियमांनी हा परवाना ग्रामसभेच्या समितीकडे दिला.

हक्क हातात आल्यावर गावे जंगल विकून खातील, असे छातीठोक सांगणारे साहेब होते. त्यांनी गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव पाहावे. २०१२ मध्ये हजारावर हेक्टरांचा हक्क मिळाला आणि गावाने बांबू स्वतः विकायला घेतला. तेंदूपान मात्र तोडायचे नाही असे ठरवले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात, रान पेटवले जाते. चालून येणारा पैसा नाकारण्याचा ठराव कोणत्या सरकारी खात्याने कधी केला असेल तर कळवावे.

आता दुखण्याकडे येतो. पेसा क्षेत्रातल्या ग्रामसभेपुढे दोन पर्याय असतात. पहिल्यात तेंदूचा लिलाव वनखाते करते, दुसऱ्यात ग्रामसभा स्वतः. गडचिरोलीतल्या शेकडो ग्रामसभांनी हिमतीने दुसरा पर्याय घेतला. २०१७ च्या हंगामात भाव कधी नव्हे इतके चढले. पाने तुटली, वाळली, गोण्या उचलल्या गेल्या. १ जुलैला जीएसटी आला, तेंदूपानावर १८ टक्के आणि विडीवर २८ टक्के. बाजार बसला, ठेकेदारांनी हात वर केले, कित्येक ग्रामसभांची बाकी अडकली. पुढच्या वर्षी भाव कोसळले. पानावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला तो २२ सप्टेंबर २०२५ ला, आठ वर्षांनी.

भाव पडला म्हणून आम्ही रडत नाही. बाजारात उतरलो तर तेजी-मंदी आमचीच. पण कबूल केलेला पैसा बुडवणे याला मंदी म्हणत नाहीत, त्याला चोरी म्हणतात. आणि या चोरीवरचा इलाज सरकारने स्वतःपुरता फार पूर्वीच करून ठेवला आहे. त्याच १९२७ च्या कायद्याचे कलम ८२ वाचा: वनोपजापोटी सरकारचे येणे थकले तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करता येते. कलम ८३ म्हणते, पैसा चुकता होईपर्यंत त्या मालावर सरकारचा बोजा. म्हणजे विक्री सरकारची असेल तर तहसीलदार जप्तीला निघू शकतो. तेच पान, तोच ठेकेदार, पण विकणारी ग्रामसभा असेल तर तिने वकील शोधावा, दिवाणी कोर्टात तारखा घ्याव्यात. धानोऱ्याच्या, कोरचीच्या, भामरागडच्या माणसाने किती वर्षे तारखा करायच्या?

मालकी दिली आणि वसुलीचे हत्यार स्वतःच्या कपाटात ठेवले, तर ते देणे अर्धेच. आमची मागणी एका ओळीची आहे: कलम ८२ आणि ८३ मध्ये जिथे सरकारचे येणे आहे, तिथे ग्रामसभेचे येणेही लिहा. यात अनुदान नाही, कर्जमाफी नाही, हमीभावही नाही. तिजोरीतून एक छदाम जाणार नाही.

‘ग्रामसभांना व्यवहार जमत नाही, म्हणून पर्याय एकच बरा’ असे या सगळ्यावर उत्तर येते. जमत नाही तिथे आम्हीही बोलू. काही गावांत दोन-चार जणांनी ठेकेदाराच्या गाडीत बसून करारनामा केला, गावाला आकडा नंतर कळला. तिथे कलम ८२ मिळाले तरी काय वसूल करणार? कागदच नाही!

तेव्हा कायदा बदलेपर्यंत वाट पाहू नका. येत्या हंगामाच्या लिलावाआधी ग्रामसभेत ठराव घ्या. अनामत रक्कम आधी बँकेत, ग्रामसभेच्या नावच्या खात्यात. करारनामा सगळ्यांसमोर, गावाच्या बोलीत वाचून. हप्ता जमा झाल्याची नोंद पासबुकात दिसल्याशिवाय गोदामातून गोणी हलणार नाही आणि वाहतूक परवान्यावर सही होणार नाही. परवान्याचे पुस्तक कपाटात ठेवा, कपाटाची किल्ली एकट्या माणसाकडे देऊ नका. आणि ज्यांची जुनी बाकी अडकली आहे त्यांनी करारनामा, फळीचे रजिस्टर आणि पासबुक यांच्या नकला घेऊन पुढच्या जिल्हा बैठकीला यावे. गावागावाची यादी करून ती कलम ८२ च्या मागणीसोबत जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायची आहे.