धरावे की सोडावे?

मृग लागला की नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर दम्याच्या उपायासाठी बोटभर मरळ गिळणाऱ्यांची रांग लागते. अंदमानच्या उबदार, खोल समुद्रात हौसेने गळ टाकणाऱ्यांस निराळाच अनुभव येतो. गळास लागलेल्या माशाची धडपड दुरूनच जाणून शार्क धावतो. हाती कित्येकदा केवळ मुंडके उरते!

बारा मीटरांहून लांब वाढणारा व्हेल शार्क मात्र सूक्ष्म जीवांवर जगतो. 2001 पासून त्यास कायद्याचे संरक्षण आहे. जाळे कापून त्यास मुक्त करणाऱ्या कोळ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने 2018 साली भरपाईची योजना आखली. तरीही जाळे म्हणजे कोळ्याची भाकरी. ते कापावयास छातीच लागते. धरण्याचे कसब पुष्कळांस साधते, सोडण्याचे थोड्यांसच.