‘राइट ऑफ’ म्हणजे कर्जमाफी नव्हे! पैशांच्या इंग्रजीतले छोटे शब्द का समजून घ्यावेत?

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या घरात पैशांचे व्यवहार दोन भाषांत चालतात. वाण्याची उधारी, सोसायटीचे पीककर्ज, बचत गटाचा हप्ता हे सगळे मराठीत. दुचाकीचे कर्ज, ॲपवरचे कर्ज आणि त्यांचे मेसेज मात्र बहुतेक वेळा इंग्रजीत. आसनगाव, खर्डीहून लोकल पकडणारा किंवा मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला जाणारा मुलगा ते घरच्यांना वाचून दाखवतो. सुटे शब्द त्याला येतात, पण वाक्याचा अर्थ निसटतो. कारण असतात फ्रेझल व्हर्ब्ज, म्हणजे क्रियापदाला ‘ऑफ’, ‘बॅक’, ‘अप’ असे छोटे शब्द जोडून झालेली क्रियापदे.

मराठीतही हेच होते

‘फेडणे’, ‘फेडत राहणे’ आणि ‘फेडून टाकणे’ यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजीत हेच काम हे छोटे शब्द करतात.

• पे बॅक : घेतलेले पैसे परत करणे.
• पे ऑफ : कर्ज पूर्ण फेडून टाकणे.
• पे अप : टाळाटाळ करून शेवटी पैसे देणे.
• फॉल बिहाइंड : हप्ते थकणे.
• पुट असाइड : बिलासाठी पैसे बाजूला काढून ठेवणे.
• कट डाउन : खर्च कमी करणे.
• कट ऑफ : वीज किंवा पाणी तोडणे.

यातल्या काही शब्दांमागे ग्राहकाचे हक्कही आहेत. कर्ज ‘पे ऑफ’ झाले की मालमत्तेची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. वीज ‘कट ऑफ’ करण्यापूर्वीही थकबाकीदाराला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये ही तरतूद आहे.

सर्वांत फसवा शब्द

‘राइट ऑफ’ हा शब्द ऐकला की कर्ज माफ झाले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बँक ते बुडीत कर्ज फक्त आपल्या ताळेबंदातून काढते. कर्जदाराची देणी तशीच राहतात आणि वसुलीही सुरू राहते. दहा आर्थिक वर्षांत बँकांनी सुमारे १६.३५ लाख कोटी रुपयांची कर्जे ‘राइट ऑफ’ केल्याची माहिती केंद्राने मार्च २०२५ मध्ये लोकसभेत दिली. त्यामुळे कर्जदारांची देणी माफ होत नाहीत, हेही तेव्हा स्पष्ट केले. राज्याने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर केलेली महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना वेगळी होती. तिच्यात पात्र शेतकऱ्यांच्या कर्जखात्यात सरकारने पैसे भरले. हा फरक न कळल्याने कुणी हप्ते थांबवले, तर व्याज वाढत जाते आणि पुढचे कर्जही अडते.

जबाबदारी कुणाची?

शाळेत फ्रेझल व्हर्ब्ज गुणांपुरती पाठ केली जातात. त्याऐवजी विजेचे बिल आणि बँकेचा मेसेज वर्गात वाचून घेतला, तर त्याचा घरालाही उपयोग होईल.

मात्र सगळा भार विद्यार्थ्यांवर टाकणे योग्य नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ बंधनकारक आहे. व्याजासह एकूण वार्षिक खर्च, शुल्क आणि हप्त्यांचे वेळापत्रक त्यात असते. हा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावा आणि त्याला समजावून सांगावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जात विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवसही मिळतात.

त्यामुळे शहापूर-मुरबाडच्या कर्जदाराने सही करण्याआधी हा कागद मराठीत मागावा. आणि बँकांनी, वित्त कंपन्यांनी तो मागण्याची वाट न पाहता द्यावा.