न्यायासनावर कुणाचा माणूस?



कबड्डीचा डाव रंगात आला असताना पंचाच्या अंगात एका संघाचा सदरा दिसला, तर मैदानावर काय होईल? तेच जुलै-ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या महाराष्ट्रात झालं.

२८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी तीन वकिलांची नावं सुचवली. त्यांत आरती साठे यांचं नाव होतं. बाई करविषयक खटल्यांतल्या जाणत्या वकील. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये भाजपने प्रवक्त्यांची यादी काढली त्यातही त्यांचं नाव होतं. आमदार रोहित पवारांनी ती यादी चव्हाट्यावर मांडली आणि विचारलं, काल पक्षाची बाजू मांडणारी व्यक्ती आज निःपक्षपाती कशी? भाजपचं उत्तर तयार होतं. बाईंनी जानेवारी २०२४ मध्येच पद आणि सदस्यत्व सोडलं, आता आमचा संबंध नाही! ओरड चालू असतानाच ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने नेमणूक करूनही टाकली.

आता या भांडणात आपण गिरणीतल्या माणसांनी कुठं उभं राहायचं? मला विचाराल तर दोघांच्याही मागं नाही.

विरोधकांना आधी त्यांचीच जुनी वही उघडून दाखवली पाहिजे. बहरुल इस्लाम हे काँग्रेसचे राज्यसभेचे खासदार. १९७२ साली खासदारकी सोडली आणि त्याच साली गुवाहाटी उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. निवृत्तीनंतर १९८० मध्ये त्यांना सर्वोच्च न्यायालयात बसवलं. १९८३ मध्ये तिथला राजीनामा दिला आणि त्याच साली परत काँग्रेसतर्फे राज्यसभेत! इकडून तिकडं, तिकडून इकडं. आमच्या साच्यातला धोटासुद्धा इतक्या झपाट्यानं फिरत नाही. आणि भाजपवाल्यांनी हसू नये. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश अभिजित गंगोपाध्याय यांनी मार्च २०२४ मध्ये राजीनामा दिला, दोन दिवसांत कमळ हाती घेतलं आणि लोकसभेवर निवडूनही गेले. त्या वेळी यांना न्यायाची सोवळी आठवली नाही.

पण बंधूंनो, आपल्याही डोळ्यातलं मुसळ बघू. कृष्ण अय्यर यांचं नाव निघालं की आम्ही युनियनवाले छाती काढतो. ते कोण होते? १९५७ च्या केरळातल्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळातले मंत्री. १९६८ साली केरळ उच्च न्यायालयात गेले, १९७३ साली सर्वोच्च न्यायालयात. १९७८ च्या बंगलोर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात त्यांनी ‘उद्योग’ या शब्दाचा अर्थ इतका रुंद केला, की इस्पितळातल्या आणि शाळा-कॉलेजातल्या नोकरांनाही कामगार कायद्याची सावली मिळाली. तेव्हा आपल्यापैकी कुणी म्हटलं का, की हा पक्षाचा माणूस आहे, याचा निकाल नको? नाही म्हटलं. मग आज निव्वळ पक्ष काढून ओरडायला आपल्याला तोंड नाही.

तर मग फरक कशात आहे? मी म्हणतो, मधल्या काळात. कृष्ण अय्यर यांचं मंत्रिपद १९५९ ला गेलं, न्यायाधीश झाले १९६८ ला. मध्ये नऊ वर्षं. गोव्याचे फर्दिनो रिबेलो १९७७ साली जनता पक्षाचे आमदार होते, मुंबई उच्च न्यायालयात आले १९९६ साली. एवढ्या वर्षांत माणसाची वकिली लोकांना दिसते, अंगावरचा रंग उतरला की नाही तेही दिसतं. इथं राजीनामा आणि शिफारस यांच्यामध्ये अवघे अठरा महिने. आरती साठे न्याय वाईट देतील असं मी म्हणत नाही. त्यांचा एक निकाल निघायच्या आत त्यांना दोषी ठरवणं हाही अन्यायच. पण अठरा महिन्यांत सुताचा रंग पक्का की कच्चा, हे धुतल्याशिवाय कसं कळावं? म्हणून नियम पाहिजे. पक्षाचं पद सोडल्यावर अमुक वर्षं न्यायाधीशपद नाही, आणि न्यायाधीशपद सोडल्यावर अमुक वर्षं पक्षाचं तिकीट नाही. सर्व पक्षांना सारखा. असा नियम करा म्हणून एकही पक्ष घसा कोरडा करत नाही, कारण उद्या आपलाही माणूस बसवायचा असतो!

तुम्ही म्हणाल, उच्च न्यायालयाशी आपला काय संबंध? आमच्या खात्यातल्या एका बदली कामगाराला विचारा. कामगार न्यायालयात जिंकला, औद्योगिक न्यायालयात जिंकला, मालक वर उच्च न्यायालयात गेला. पुण्याहून पहाटेची गाडी पकडून तो दर तारखेला मुंबईला जायचा. आत सगळं इंग्रजीत. बाहेर आल्यावर वकिलाला विचारायचा, “साहेब, आपलं काय झालं?” अशा माणसाला न्यायाधीशाचं तोंड बघूनच धीर येतो किंवा सुटतो. त्याला इतकंच हवं असतं, की वर बसलेला कुणाचा नाही.

रामशास्त्री प्रभुणे पेशव्यांचेच पगारी होते. तरी नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला देहान्ताची शिक्षा सांगितली आणि पुणं सोडून गेले. शनिवारवाड्यावरून रोज जाणाऱ्या आपल्यासारख्यांना हे शाळेपासून पाठ आहे. पण दर पिढीत रामशास्त्री निघेलच, या भरवशावर राज्य चालवता येत नाही.

आणि संयुक्त महाराष्ट्राच्या माणसाला तर हा प्रश्न घरचाच. बेळगावचा निवाडा करायला १९६६ साली माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांना नेमलं, त्यांनी १९६७ साली बेळगाव आपल्याला नाकारलं. आपण तो अहवाल फेटाळला. तोच दुसऱ्या बाजूनं लागला असता तर आपण त्यांना रामशास्त्री म्हटलं असतं, हे मनाशी कबूल करू. पुढं २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तो निघेल त्या दिवशी वर बसलेल्यांपैकी कुणी कधी कर्नाटकातल्या एखाद्या पक्षाचा प्रवक्ता होता असं निघालं, तर आपण गप्प बसू का? मग मुंबईच्या न्यायासनाला वेगळं माप कशाला? सभेला पुढारी येतील तेव्हा, मग ते कुठल्याही झेंड्याचे असोत, त्यांना उभं राहून विचारा: नियम कधी करता, आणि त्यात किती वर्षं घालता?