शिडीची खालची पायरी

वाचकहो, गोव्याचा फुटबॉल म्हटला की तुम्ही पटकन मोठी नावे घेता. खुशाल घ्या! धेंपोने २००५ ते २०१२ या काळात राष्ट्रीय विजेतेपद पाचदा आणले, साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्सने प्रत्येकी दोनदा. पण ही मंडळी वाढली कुठे? आपल्याच लीगमध्ये. पोर्तुगीज अमदानीत तिचे सामने सुरू झाले आणि १९५९ साली असोसिएशन उभी राहिली. वर प्रोफेशनल लीग, खाली पहिला, दुसरा, तिसरा विभाग. जिंकाल तर चढाल, हराल तर उतराल; मग संघ खाणमालकाचा असो की वाड्यावरच्या पोरांचा.

२०१४ मध्ये आलेल्या इंडियन सुपर लीगला आरंभी ही शिडीच नव्हती. पैसे भरा, आत या! तिलाच देशातली अव्वल लीग करण्याचा घाट महासंघाने घातला, तेव्हा २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले. त्यांना आसरा दिला तो या घरच्या लीगने.

आणि तुम्ही? फातोर्ड्याला तिकीट काढून जाता. म्हापशाच्या धुळेर मैदानावर लीगचा सामना असतो, त्या संध्याकाळी कुठे असता?