वंशावळ, दोष आणि मौन

देवणी हे नाव महाराष्ट्रात प्रथम आठवते ते गोवंशामुळे. लातूर जिल्ह्याच्या कर्नाटक सीमेवरील या गावाने आपले नाव गाईबैलांच्या एका जातीला दिले. काळसर तोंडाचा वानेरा, अंगावर काळे ठिपके असलेला शेवरा आणि पांढराशुभ्र बालंक्या असे तिचे प्रकार जाणकार सांगतात. जनावर विकत घेताना त्याचा बाप कोणता वळू, आई किती दूध देत होती, याची चौकशी होते. तेथे वंश ही माहितीची गोष्ट असते. माणसाच्या घरात मात्र तीच चौकशी अब्रूची ठरते, आणि घरातले मूल आजारी असेल तर बोलणेच खुंटते. मुलांच्या दुर्मिळ आनुवंशिक मेंदूविकारांचे आकलन आणि संशोधन यांतला पहिला अडथळा हे मौन आहे, असे आमचे मत आहे. विषय वैद्यकाचा असूनही तो साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचे कारणही हेच.

या मौनातून वाट कशी निघते, याचे एक उदाहरण मुंबईचेच आहे. नेदरलँड्समधील डॉ. मार्यो व्हान डर क्नाप यांनी १९९५ साली मेंदूतील श्वेतद्रव्याच्या एका नव्या विकाराचे वर्णन केले. त्याचे वैद्यकीय नाव लांबलचक आहे. संक्षेपाने त्याला एमएलसी म्हणतात. मुलाचे डोके पहिल्याच वर्षात प्रमाणाबाहेर वाढते. मूल बहुधा चालू लागते, बोलू लागते. मग काही वर्षांनी चाल अडखळते, स्नायू ताठरतात, फिट्स येतात. एमआरआयमधील मेंदूचे चित्र इतके बिघडलेले असते की समोर हसणारे मूल त्याच मेंदूचे आहे यावर विश्वास बसू नये. बुद्धी मात्र पुष्कळदा बराच काळ शाबूत राहते. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधील डॉ. भीम सिंघल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली अशाच मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि ही मुले अग्रवाल समाजातील असल्याचे नोंदवले. २००१ साली या विकाराचे जनुक सापडले. भारतातील अग्रवाल कुटुंबांत बहुशः एकच उत्परिवर्तन, जनुकात जास्तीचे पडलेले एकच अक्षर, आढळते, हे २००४ साली सिद्ध झाले. कोणा एका दूरच्या पूर्वजाकडून ते पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले असले पाहिजे.

पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यास ही रीत अनोळखी वाटणार नाही. अनेक हस्तलिखितांत एकच चूक सापडली की त्या साऱ्या प्रतींचा मूळ आदर्श एक, असे आपण म्हणतो. येथेही अनुमान तेच आहे. लेखनिकाच्या हातून एकदा अक्षर जास्तीचे पडले. पुढच्यांनी ते इमानाने उतरवून घेतले. त्यात कोणाचे पाप नाही.

पण मराठीत आपण याला 'दोष' म्हणतो. 'जनुकीय दोष' हा शब्दप्रयोग पाठ्यपुस्तकांतही आहे. दोष म्हटला की दोषी शोधणे ओघाने येते, आणि ते शोधणे सहसा सुनेपाशी येऊन थांबते. वास्तविक एमएलसीच्या नेहमीच्या प्रकारात मूल आजारी पडते ते आई आणि वडील या दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच. दोघेही स्वतः निरोगी असतात. त्यांच्या प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता चारांत एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तिन्ही सुटली, असे होत नाही. अशा जनुकास पुस्तके 'अप्रभावी' म्हणतात. 'अप्रकट' म्हटले तर घरच्या माणसाला अधिक कळेल, असे आम्हांस वाटते. आपण 'आनुवंशिक' हा शब्द 'अनुवांशिक' असा चुकवून लिहितो, त्यावर भाषाशुद्धीचे वाद घालतो. 'दोष' या शब्दाने होणाऱ्या इजेकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

येथे कोणी म्हणेल, हा एका समाजाचा प्रश्न, त्याचे मराठवाड्याला काय? अग्रवालांत गोत्राबाहेर लग्न करण्याचा नियम आहे, तरीही समाजाबाहेर लग्न न झाल्याने ते अक्षर आतल्या आतच फिरत राहिले. आपल्याकडे रीत निराळी. मामाच्या मुलीशी लग्न ही महाराष्ट्रातील मान्य चाल. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या नातेव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथात तिची चिकित्सा केली आहे. दक्षिणेकडे सरकावे तसे मामा-भाचीचे लग्नही भेटते. चुलत-मामेभावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके सामाईक असतात, मामा-भाचीत एक चतुर्थांश. म्हणजे अप्रकट राहिलेली एकच चूक दोन्ही बाजूंनी एकाच पाळण्यात येण्याची शक्यता वाढते. अशा लग्नांतील बहुतेक मुले निरोगीच असतात, हेही सांगितले पाहिजे. जमीन, हुंडा, मुलगी आपल्याच माणसांत राहावी ही ओढ, हे सारे त्या चालीमागे आहे; तिला नुसते अडाणीपण म्हणणे सोपे, पण अपुरे.

गोवंशाची तुलना आम्ही आरंभी केली, तिची मर्यादाही येथेच नोंदवावी. जनावरांच्या पैदाशीत नको ते वगळले जाते. माणसांचा वंश 'सुधारण्याच्या' नावाखाली विसाव्या शतकात जर्मनीत जे घडले ते आपण जाणतो. वंशावळ मांडायची ती कोणास वगळण्यासाठी नव्हे. पुढच्या गरोदरपणात आईबापांना जाणून निर्णय घेता यावा, यासाठी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जेथे साधा ताप आणि पाणीटंचाई माणसाला पुरून उरते, तेथे दुर्मिळ रोगाची चर्चा ही चैन नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. एकेक रोग दुर्मिळ असतो. अशा रोगांची संख्या काही हजारांत आहे. केंद्र सरकारने २०२१ साली दुर्मिळ रोगांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यातील उत्कृष्टता केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. पण देवणीहून मुंबईला निघण्यापूर्वी आईने कोणाला तरी सांगावे लागते की मूल आधी चालत होते, आता पडते. ते वाक्य कोणी ऐकून घेतले नाही, तर पुढचे सारे धोरण कागदावर राहते. एमएलसीवर मूळ इलाज आजही नाही. तरी फिट्स आवरता येतात, आणि डोक्याला लागलेल्या किरकोळ मारानेही मुलाची प्रकृती ढासळू शकते, हे ठाऊक असेल तर त्याला जपता येते. निदानाला इतका अर्थ नक्कीच आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. २०२२ साली उदगीरला ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा सीमाभागाच्या भाषेचे कौतुक झाले. मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू एकमेकींत मिसळणाऱ्या या पट्ट्यात मुलांच्या झटक्यांना, मान न धरण्याला, उशिरा चालण्याला घरोघरी कोणते शब्द आहेत, त्यांचा कोश तयार झालेला आम्ही पाहिला नाही. नांदेडच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील मराठीच्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे. शब्द टिपावे, कुटुंबांची नावे टिपू नयेत, आणि संमतीवाचून काहीच टिपू नये. लग्नाच्या मुलीला त्या वहीचा त्रास होणार असेल तर वही बंद ठेवावी.

डॉक्टर मुलाचा मेंदू वाचतील. त्याच्या आईचे बोलणे नीट उतरवून घेणे हे काम भाषेच्या माणसांचे आहे, आणि ते आपण आजवर केलेले नाही.