अलिबागचा ड्रोन व्हिडिओ झटके का खातो?

इन्स्टाग्रामवर काशीद, नागाव किंवा दिवेआगर टाकून बघा. ड्रोनचे व्हिडिओ ढिगाने निघतील आणि त्यातले बरेचसे एकाच साच्यातले असतील. माडांच्या शेंड्यांवरून सुसाट निघालेला कॅमेरा, मालदीवला लाजवेल असा निळा समुद्र आणि जुन्या कॉम्प्युटरवर गेम अडकत चालावा तसं अडखळणारं चित्र. खाली कमेंट ठरलेली असते, ‘भावा, कुठला ड्रोन आहे?’

प्रश्न चुकीचा आहे, पण सध्या तो जास्तच विचारला जातोय, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवरचा जीएसटी सरसकट ५ टक्के झाला. त्याआधी कॅमेरा असलेल्या ड्रोनवर १८ आणि वैयक्तिक वापराच्या ड्रोनवर २८ टक्के कर होता. ‘आता स्वस्तात नवीन घेऊ, व्हिडिओ आपोआप सुधारेल’ असं अनेकांना वाटतंय. इथे एक गोष्ट विसरली जाते. ९ फेब्रुवारी २०२२ ला केंद्राने तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढाच अपवाद. ती बंदी कर कमी झाल्याने उठलेली नाही. भारतीय कंपन्यांचा भर शेतीफवारणी, सर्व्हे आणि लष्करी कामांवर आहे. हातात मावणारा, चांगला कॅमेरा असलेला देशी ड्रोन शोधायला गेलात तर पर्याय अगदी मोजके. म्हणून अलिबाग-मुरूड पट्ट्यात लग्नाचं किंवा होमस्टेचं शूटिंग करणाऱ्या पोरांकडे आजही मुख्यतः डीजेआयचेच ड्रोन दिसतात. बंदीआधी घेतलेले, सेकंडहँड, नाहीतर कुणीतरी बाहेरून आणलेले. शेवटच्या प्रकारात बिल, वॉरंटी आणि नोंदणी, तिन्हीची बोंब.

थोडक्यात, नवा ड्रोन हे बहुतेकांसाठी उत्तर नाही. आणि खरं सांगायचं तर गरजही नाही. डीजेआय मिनी २ सारखा काही वर्षं जुना ड्रोनही तीन अक्षांच्या गिंबलवर कॅमेरा बऱ्यापैकी स्थिर धरतो. झटके दुसरीकडून येतात.

ऊन जास्त, शटर सुसाट

दुपारी बारा वाजता नागावच्या वाळूवर ड्रोन ऑटो मोडमध्ये उडवला तर काय होतं ते आकड्यांत बघू. फोटोग्राफीचा जुना हिशोब असा की कडक उन्हात, आयएसओ १०० वर, एफ/१६ छिद्राला शटर साधारण १/१०० सेकंद लागतं. पण मिनी ४ प्रोचं छिद्र एफ/१.७ आहे आणि ते लहान करता येत नाही. म्हणजे सुमारे ८८ पट जास्त प्रकाश आत येतो. तो आवरायला कॅमेरा शटर १/८८०० च्या आसपास नेतो. खाली चमकणारी वाळू आणि पाणी असेल तर आणखी वर.

आता ड्रोन सेकंदाला १० मीटर वेगाने, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरने पुढे जातोय आणि आपण ३० फ्रेमने शूट करतोय असं धरा. दोन फ्रेमच्या मध्ये तो ३३ सेंटिमीटर सरकतो. शटर १/६० असतं तर त्यातली निम्मी हालचाल प्रत्येक फ्रेममध्ये हलकीशी पुसट उमटली असती आणि डोळ्याने फ्रेम एकमेकींना जोडून घेतल्या असत्या. १/८८०० ला ती पुसट रेघ जेमतेम एक मिलिमीटरची. प्रत्येक फ्रेम सुरीने कापल्यासारखी स्वच्छ, आणि पुढची एकदम फूटभर पुढे. झावळीचं प्रत्येक पातं उड्या मारत जातं. आपण ज्याला ‘लॅग’ म्हणतो ते बहुतेक वेळा हेच असतं. हात फिरवून बघा, तो पुसट दिसतो ना? सिनेमाही तसाच दिसतो, म्हणून तो डोळ्याला नैसर्गिक वाटतो.

उपाय म्हणजे एनडी फिल्टर, कॅमेऱ्याचा गॉगल. एनडीपुढचा आकडा प्रकाश किती पट कमी होतो ते सांगतो. एफ/१.७ च्या कॅमेऱ्याला भर दुपारी एनडी१२८ लावला की शटर १/७० च्या जवळ येतं. मिनी २ चं छिद्र एफ/२.८ आहे, त्याला एनडी६४ पुरतो. सकाळी-संध्याकाळी एनडी१६ किंवा ८. ऑनलाइन सेटमध्ये एनडी४, ८, १६ असे तीन फिल्टर स्वस्तात मिळतात. कोकणच्या दुपारी ते तोकडे पडतात, हे घेण्याआधी लक्षात ठेवा.

एक मात्र खरं की यूट्यूबवर हा नियम जितका पवित्र करून ठेवलाय तितका तो नाही. १०० मीटरवरून अख्खा किनारा दाखवताना ३३ सेंटिमीटरची उडी कुणाला दिसणार? तिथे शटर कितीही असलं तरी फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो सुरूच्या बनाला घासून जाताना, होडीच्या शेजारून जाताना, जेट्टीच्या खांबांजवळ. आणि एडिटिंगमध्ये व्हिडिओ स्थिर करायचाच असेल तर जलद शटर बरं, कारण पुसट फ्रेम नंतर सरळ केली तरी तिची पुसट रेघ जात नाही.

फ्रेम रेटचं पण सांगून टाकतो. ‘सिनेमॅटिक’ म्हणून २४ किंवा २५ वर शूट करायची फॅशन आहे. पण तुमचा व्हिडिओ बघितला जाणार फोनवर, आणि फोनची स्क्रीन सेकंदाला ६० किंवा १२० वेळा ताजी होते. ६० ला २५ ने भाग जात नाही, त्यामुळे काही फ्रेम दोनदा, काही तीनदा दिसतात आणि सावकाश फिरणारा शॉटही हलके हिसके देतो. ३० फ्रेम दोन्हींत बरोबर बसतात. मी रीलसाठी डोळे झाकून ३० म्हणेन. रात्री किनाऱ्यावरच्या गाड्यांचे दिवे फ्रेममध्ये असतील तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, बाकी शटरला दिवे लुकलुकतात.

खारे वारे, मतलई वारे

शाळेच्या भूगोलात हे दोन शब्द पाठ केले होते, आठवतात? दिवसा जमीन आधी तापते आणि वारा समुद्राकडून येतो, ते खारे वारे. रात्री जमीन आधी थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, ते मतलई. पावसाळा सोडला तर रायगडच्या किनाऱ्यावर ड्रोनचं वेळापत्रक हेच दोघे ठरवतात.

उन्हाळ्यात दुपारनंतर खारे वारे जोर धरतात. मिनी ४ प्रोची वारा सहन करायची मर्यादा कंपनीच्या म्हणण्यानुसार सेकंदाला १०.७ मीटर. पण ‘पडत नाही’ आणि ‘चांगलं चित्र देतो’ यात फरक आहे. वाऱ्याशी झुंजताना ड्रोन वाकतो, गिंबल त्याच्या हद्दीपर्यंत ताणला जातो, क्षितिज तिरकं होतं, कधी फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यात पंखे डोकावतात. त्यात पंख्याची कड वाळूवर आपटून खरवडलेली असेल तर कंपनं वाढतात आणि सगळं चित्र जेलीसारखं डुलायला लागतं. पंखे बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. उडवताना खाली ताडपत्रीचा तुकडा किंवा गाडीतला मॅट अंथरा, वाळू गिंबलच्या मोटरमध्ये गेली की खेळ संपला.

म्हणून सूर्योदयानंतरचा तास-दीड तास उत्तम. वारा पडलेला, ऊन तिरकं, किनाऱ्यावर माणसंही कमी. पण एक गोम आहे. दुपारी समुद्राकडे जाताना वारा समोरून असतो आणि परतीला पाठीशी, म्हणजे बॅटरीचा हिशोब तुमच्या बाजूने. पहाटे उलटं. मतलई वारा ड्रोनला हळूच आत ढकलतो, बॅटरी फारशी उतरलेली दिसत नाही, आणि परत वळल्यावर वारा समोर उभा. शिवाय हलत्या पाण्यावर ड्रोनचे पोटाखालचे सेन्सर गोंधळतात, तेव्हा लाटांना चाटून जाणारे शॉट घेताना तो स्वतः उंची सांभाळेल यावर विसंबू नका.

अंगठ्यांबद्दल थोडंच. सिने मोड लावा, गिंबलचा वेग कमी करा, आणि एका शॉटमध्ये एकच हालचाल. पुढे जाता जाता वळायचं, वळता वळता कॅमेरा खाली करायचा, हे सगळं एकदम करायला गेलं की तिन्ही ठिकाणी धक्का दिसतो. रेकॉर्डिंग सुरू करून दोन-तीन सेकंद थांबा, मग काठी हळूच ढकला. एडिट करताना सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा कापून टाका. हळू शॉटचा आणखी एक फायदा म्हणजे इन्स्टाग्राम व्हिडिओ दाबून लहान करतं तेव्हा लाटा आणि झावळ्या सगळ्यात आधी चौकोनी होतात. हालचाल कमी तितकी ही पडझड कमी.

रंगांचं तेवढं मनावर घ्या. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर कॅमेरा वाळूवरून समुद्राकडे वळताना व्हिडिओचा रंगच मध्ये बदलतो, तो आधी लॉक करा. आणि तो मालदीव निळा! धरमतर, कुंडलिका, राजपुरी अशा खाड्या गाळ घेऊन या समुद्रात उतरतात. अलिबागचं पाणी मातकट-राखाडी आहे आणि ते तसंच असतं. होमस्टेच्या जाहिरातीत ते निळं केलं की गिऱ्हाईक येतं, पाणी बघतं आणि रिव्ह्यूमध्ये एक तारा देऊन जातं. ओहोटीच्या ओल्या वाळूत पडलेलं आभाळाचं प्रतिबिंब काही न करता सुंदर दिसतं, तेच दाखवा की.

खांदेरी, जंजिरा आणि पोलीस

११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातल्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात रायगडसोबत थळसमोरचा खांदेरीही आहे. तेव्हापासून ‘खांदेरी ड्रोन शॉट’ हवाच अशी मागणी आहे. पण किल्ला किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत आहे आणि २४९ ग्रॅमचा ड्रोन पाचशे मीटरवरच डोळ्याला दिसेनासा होतो. ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा हा मूळ दंडक थळच्या किनाऱ्यावरून पाळता येणार नाही. होडीने जवळ जा, आणि खांदेरी राज्य संरक्षित असल्यामुळे राज्याच्या पुरातत्त्व विभागाची परवानगी आधी घ्या. जंजिरा आणि कुलाबा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथेही परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. याचा अर्थ ‘कुठेही उडवा’ असा लावला जातो, तो साफ चुकीचा. ग्रीन झोनमध्येही मर्यादा ४०० फूट, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून पनवेल-उलवे बाजूचं आकाश पूर्वीचं राहिलेलं नाही. उरणजवळ करंजाचा नौदलाचा डेपो, थळला आरसीएफचा खत कारखाना. नियम मोडला तर दंड एक लाख रुपयांपर्यंत.

आणि हा किनारा इतर पर्यटनस्थळांसारखा निवांत नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोटांची स्फोटकं श्रीवर्धनजवळ शेखाडीला उतरली होती. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरजवळ एके-४७ असलेली बेवारस बोट सापडली. त्यामुळे आकाशात गुणगुणणारं काही दिसलं की गावकरी आणि पोलीस दोघंही विचारणारच. २०२५ च्या मे महिन्यातल्या तणावात ठिकठिकाणी तात्पुरत्या ड्रोनबंदीचे आदेश निघाले, आणि असे आदेश जिल्ह्यात कधीही निघू शकतात. तेव्हा उडवण्याच्या दिवशी सकाळी डिजिटल स्कायचा नकाशा बघा, शिवाय स्थानिक पोलीस ठाण्यात एक फोन करा.

सप्टेंबर २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने सिव्हिल ड्रोन विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला. त्यात नोंदणी आणि विम्याची सक्ती आहे, शिक्षाही आताच्या नियमांपेक्षा कडक. तो याच रूपात कायदा झाला तर बिल नसलेल्या ड्रोनवर लग्नाच्या सुपाऱ्या घेणाऱ्यांचं गणित सगळ्यात आधी कोलमडेल. नवीन ड्रोनसाठी बाजूला काढलेले पैसे तूर्त फिल्टर, पंखे आणि जादा बॅटरीवर घाला.