हुंकाराविना गोष्ट : शालेय कथालेखनाविषयी काही विचार

मुलांना कथा लिहावयास शिकविता येते काय, हा प्रश्न आपल्या वाङ्मयविचारात फारसा गांभीर्याने उपस्थित झालेला नाही. कथा ही प्रतिभेची निर्मिती आणि प्रतिभा शिकविता येत नाही, असे एका बाजूने म्हटले जाते. दुसऱ्या बाजूने कथालेखन हा घटक शालेय अभ्यासक्रमात वर्षानुवर्षे चालत आलेला आहे, आणि दहावीच्या कृतिपत्रिकेतही उपयोजित लेखनाच्या विभागात त्याला स्थान आहे. म्हणजे जे शिकविता येत नाही असे आपण मानतो, त्याचीच परीक्षा मात्र नेमाने घेतो. ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन'मध्ये लेखनतंत्राची चर्चा केली ती प्रौढ लेखकासाठी. सातवी-आठवीतील मुलाने आपली पहिली गोष्ट कशी रचावी, याचा विचार मराठीच्या प्राध्यापकांनी डी. एड. विद्यालयांवर सोपविला आणि त्या विद्यालयांनी तो मार्गदर्शक पुस्तिकांवर सोपविला, असे खेदाने म्हणावे लागते.

परिणाम आमच्यापर्यंत येऊन पोहोचतो. प्रथम वर्ष कला वर्गातील विद्यार्थ्यांना मी वर्षारंभी एक गोष्ट लिहावयास सांगतो. बहुसंख्य वह्यांत पहिले वाक्य जवळजवळ एकच असते: एका गावात एक गरीब शेतकरी राहत होता. गावाला नाव नसते, शेतकऱ्याला नाव नसते, त्याच्या वावरात कोणते पीक उभे आहे हे कळत नाही. लिहिणारा मुलगा जामनेर तालुक्यातील शेतकऱ्याचा असतो. कपाशीवर बोंडअळी पडली त्या वर्षी घरात काय बोलणे झाले, वेचणीचा कापूस काट्यावर चढताना आईची नजर कोठे होती, हे त्याने पाहिलेले असते. त्यातील एक अक्षरही कागदावर उतरत नाही. गोष्ट संपते आणि खाली ठळक अक्षरांत 'तात्पर्य' येते. कित्येकदा असे वाटते की तात्पर्य आधी ठरले आणि गोष्ट केवळ तेथवर पोहोचण्यासाठी चालविली गेली.

या तात्पर्याची परंपरा जुनी आहे, हे मान्य केले पाहिजे. महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'त सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी त्रिविध मांडणी आहे. पण तेथे दृष्टांत हा तत्त्वनिरूपणाचा भाग आहे आणि तसा तो उघडपणे सांगितला जातो. शाळेतील तात्पर्याचा वंश मात्र निराळा, तो छापील क्रमिक पुस्तकांचा आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' व 'इसपनीतिकथा' हे ग्रंथ १८२८ साली आले. मराठी मुलाच्या हाती पडलेली आरंभीची छापील गोष्ट ही अशी परभाषेतून आलेली नीतिकथा होती. वाचावयाच्या गोष्टीला बोध असणे यात काही गैर नाही. परंतु वाचनासाठी बनविलेला हा साचा पुढे लेखनाचाही साचा झाला, येथे घोटाळा आहे. इसापाची कथा शतकानुशतके तोंडोतोंडी घासून गुळगुळीत झालेली असते. तिच्यातील अनावश्यक ते सारे गळून गेलेले असते. मुलाने पहिल्याच प्रयत्नात तशी निवडक, नितळ कथा लिहावी ही अपेक्षा म्हणजे नदीच्या तळाचा गोटा घरी घडवून आणावा असे सांगण्यासारखे आहे.

'मुद्द्यांवरून गोष्ट' या प्रकाराने हा साचा पक्का केला. मुद्दे देणारा आधीच सारे ठरवितो: पात्र कोण, अडचण कोणती, सुटका कशी. मुलाच्या वाट्याला क्रियापदे लावण्याचे काम उरते. व्याकरणाचा सराव म्हणून त्याचे मोल आहेच. त्याला कथालेखन म्हणणे मात्र कठीण आहे, कारण कथा लिहिताना जी निवड करावी लागते, कोठून आरंभ करावा, काय लपवावे, कोणाच्या डोळ्यांनी पाहावे, ती करण्याची पाळी मुलावर येतच नाही.

मग उणीव नेमकी कशाची? कल्पनाशक्तीची नव्हे. ज्या मुलाची कथा वहीत निर्जीव पडते, तोच मुलगा मधल्या सुटीत शेतात निघालेल्या सापाची हकिकत सांगतो तेव्हा भोवती कोंडाळे जमते. तो थांबतो, आवाज खाली आणतो, महत्त्वाची बाब मागे ठेवतो. कथनमीमांसेत ज्यांना आपण भारदस्त संज्ञा देतो, त्या साऱ्या युक्त्या तो सहज वापरतो. दोन्ही प्रसंगांत एकच फरक आहे. सुटीत त्याच्यासमोर श्रोता असतो. वहीसमोर कोणी नसतो, असतो तो परीक्षक, आणि परीक्षकाला पुढे काय झाले हे ऐकावयाचे नसते.

आपल्या मौखिक परंपरेला हे पूर्ण ठाऊक होते. गोष्ट सांगणारी आजी नातवाकडून हुंकार मागत असे. 'हं' म्हणणारा झोपला की गोष्ट थांबे. हुंकार हा श्रोत्याचा गोष्टीतील वाटा होता. तो कोठे लांबला, कोठे तुटला, यावरून सांगणारी आपली गती बदली. खानदेशात कानबाईच्या उत्सवात किंवा आखाजीला गाणी म्हणताना झेलणाऱ्या बायका नसतील तर गाणे पुढे जात नाही, हेही याच जातीचे. शाळेने गोष्ट आत घेतली, पण हुंकार दाराबाहेर ठेवला, आणि रिकाम्या झालेल्या त्या जागी तात्पर्य आणून बसविले.

या संदर्भात आपल्या जिल्ह्यातीलच एक उदाहरण विचारात घ्यावेसे वाटते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. छात्रालयातील मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. या दैनिकाकडे आपण गुरुजींच्या मातृहृदयाचा पुरावा म्हणून पाहतो. त्यांच्या लेखनशैलीची पाठशाळा म्हणून त्याच्याकडे पाहिले गेलेले नाही. रोज लिहावयाचे, आणि ज्यांच्यासाठी लिहावयाचे ती मुले डोळ्यांसमोर, नावानिशी ओळखीची. कोणता मजकूर वाचला गेला आणि कोणत्या मजकुरावरून नजर घसरली, हे लेखकाला त्याच दिवशी कळत असणार. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली तेव्हा तिची रचना रात्रींची ठेवली: श्याम सांगतो आहे, मित्र ऐकत आहेत, आणि एकेका रात्रीला एकेक आठवण. भोवती प्रत्यक्ष मुले नव्हती म्हणून त्यांनी श्रोते पुस्तकातच निर्माण केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्या पुस्तकावर बोधवादाचा आक्षेप घेतला जातो आणि तो सर्वस्वी निराधार नाही. तरीही पोहावयास शिकण्याचा प्रसंग पाहा. पाण्याला भिऊन लपलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते. त्या प्रकरणातून धैर्याचा धडा काढता येईल. पण वाचकाच्या मनात राहते ती शिंपटी हाती घेतलेली, एरवी इतकी हळवी असलेली आई. माया आपल्या नेहमीच्या रूपाविरुद्ध वागताना दिसते, म्हणून पुढे काय होणार याची ओढ लागते. मुलांना उत्कंठा शिकवावयाची तर रहस्यकथेपेक्षा हे उदाहरण मला अधिक उपयोगाचे वाटते. उत्कंठेसाठी चोर आणि भूत लागतात, हा मुलांचा समज दूरदर्शन-संचापासून भ्रमणध्वनीपर्यंतच्या साधनांनी घट्ट केला आहे.

अमळनेरच्या त्या दैनिकाच्या सहा दशके आधी रशियात टॉल्स्टॉयने यास्नाया पोल्याना येथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालविली होती. १८६२ साली त्याने एक निबंध लिहिला. शेतकऱ्यांच्या मुलांनी आपल्याकडून लिहावयास शिकावे की आपण त्यांच्याकडून, असा त्याचा प्रश्नच होता. त्याने मुलांना एका म्हणीवरून गोष्ट रचावयास दिली. आपल्याकडेही हा प्रकार रूढ आहे. मुले लिहीनात, तेव्हा तो स्वतः लिहू लागला, आणि मुले भोवती जमून त्याच्या चुका काढू लागली. फेद्का नावाच्या मुलाने एका पात्राच्या अंगावर बायकोचा कोट चढविला. पुरुषाने घाईत हाताला लागेल तो बाईचा कोट घालून बाहेर येणे या एका तपशिलातून एक संपूर्ण घर आणि त्यातील माणसे उभी राहतात, हे टॉल्स्टॉयसारख्या लेखकालाही सुचले नव्हते, तसे त्याने मोकळेपणाने नोंदविले आहे. पुढे त्या कथेचे हस्तलिखित दुसऱ्या मुलांनी कागदाची खेळणी करून नासले, तर मुलांनी ती रात्री बसून पुन्हा रचली. म्हण तेथे निमित्तापुरती उरली. तपशील पुढे गेले आणि तात्पर्य कोठे मागे पडले याचे कोणाला भानही राहिले नाही.

यावरून वर्गातील रीतीविषयी काही सुचवावेसे वाटते. गोष्ट प्रथम सांगितली जावी, मग लिहिली जावी. एका मुलाने सांगावे, चौघांनी ऐकावे. ऐकणाऱ्यांनी मत देऊ नये, केवळ प्रश्न विचारावेत: मग? तेव्हा कोण होते? तिने काय नेसले होते? सांगणाऱ्याने ते प्रश्न वहीच्या समासात टिपावेत. लिहिताना ते प्रश्न म्हणजेच हुंकार. माझ्या वर्गात, म्हणजे वयाने बऱ्याच मोठ्या विद्यार्थ्यांत, मी हे करून पाहिले. पाचोरा-जामनेर ही अरुंदमापी गाडी, आपली पी. जे., २०२० मध्ये थांबली. तिच्यावर लिहा असे सांगितले तेव्हा प्रथम निबंधच आले, गाडीचा इतिहास आणि तिची उपयुक्तता. तोंडी सांगावयास लावल्यावर एका विद्यार्थिनीने आजीची हकिकत सांगितली: गाडी सुटू नये म्हणून आजी कळण्याची भाकरी तव्यावरून तशीच फडक्यात गुंडाळून घेई आणि डब्यात बसल्यावर मांडीला चटका बसला की ओरडे. ऐकणाऱ्यांनी विचारले, आजी जात कोठे होती? विद्यार्थिनीला ते ठाऊक नव्हते. घरी विचारून ती दुसऱ्या दिवशी आली, आणि गोष्ट तेथून सुरू झाली.

क्रमाविषयी एक सूचना. मुले गोष्ट सकाळी उठल्यापासून सांगतात. सहलीचा वृत्तान्त म्हणजे गाडीत बसलो, उतरलो, जेवलो, परतलो. आमच्या परिसरातील शाळांच्या सहली पहूरमार्गे अजिंठ्याला जातात आणि हाच वृत्तान्त घेऊन येतात. ज्या वाघूरच्या घळईत ती लेणी आहेत तीच नदी पुढे जामनेर तालुक्यात उतरते. तरी त्या भिंतींवर कथनाचा केवढा पाठ आहे हे मुलांना कोणी दाखवीत नाही. सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातकात प्रसंग कालक्रमाने ओळीत मांडलेले नाहीत. राजवाड्यातील घटना एकीकडे, अरण्यातील दुसरीकडे, अशी स्थळानुसार योजना तेथे आहे आणि तोच राजपुत्र पुनःपुन्हा दिसतो, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. गोष्ट मधून सुरू होऊ शकते, एकाच जागी दोन काळ भेटू शकतात, हे व्याख्यानाने समजावण्यापेक्षा त्या भिंतीसमोर अर्धा तास उभे केल्याने समजेल.

भाषेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. या भागातील मुलाच्या घरी तावडी, अहिराणी किंवा लेवा गणबोली असते. सुटीतील सापाची हकिकत तो त्या बोलीत सांगतो. वही उघडली की प्रमाणभाषेत शिरतो आणि त्याबरोबर माणसांचे आवाज हरवतात. एका शाळेत संवादातील आजीला बोलीत बोलू दिले म्हणून मुलीचे गुण कापले गेल्याचे मी पाहिले आहे. ज्या विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे, त्याच्या परिसरातील ही स्थिती आहे. आसोद्याच्या या बाईंना लिहिता येत नव्हते. त्या म्हणत गेल्या, सोपानदेव आणि घरच्या माणसांनी उतरून घेतले, आणि १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने आली. त्यांचे लेखन शुद्ध करून मग छापावे असे ठरले असते तर आपल्या हाती काय उरले असते? निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत, एवढी सवलत आपल्या कथाकारांनी केव्हाच घेतली आहे. ती मुलांना नाकारण्याचे कारण दिसत नाही. ज्याला लिहिणे अवघड जाते त्याची गोष्ट दुसऱ्या मुलाने उतरून घ्यावी, यातही कमीपणा मानू नये.

अडचणी मला ठाऊक आहेत. एका वर्गात साठ मुले, तासिका पस्तीस मिनिटांची, शिवाय जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामे. रोज दैनिक काढणे प्रत्येक शिक्षकाला शक्य नाही. परंतु भिंतीवर आठवड्याला एक हस्तलिखित पान लावणे, त्यावर दोन मुलांच्या गोष्टी आणि खाली वाचणाऱ्यांनी विचारलेले प्रश्न, एवढे जमण्यासारखे आहे. त्याहून मोठी अडचण अशी की बहुतेक शिक्षकांनी स्वतः गोष्ट लिहिलेली नसते. ज्याला आरंभाच्या वाक्याशी झगडावे लागलेले नाही तो मुलाच्या वहीत फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहतो. शिक्षक-प्रशिक्षणात प्रत्येकाने वर्षाला एक गोष्ट लिहून ती मुलांसमोर वाचावी, आणि मुले कोठे चुळबुळ करू लागली ते वहीत टिपावे, अशी अट घालावयास हरकत नसावी. विद्यापीठातील मराठी विभागांनी अशा वह्या गोळा करून त्यांचा अभ्यास करावा. कादंबरीतील निवेदनपद्धतींवर प्रबंध पुष्कळ झाले आहेत.

मूल्यमापनात तात्पर्यासाठी जो गुण राखला जातो तो राहणारच असेल तर राहो. तात्पर्य कसे लिहावे, हे परीक्षेच्या तोंडावर दोन तासिकांत सांगून होते.